कॉब्लरच्या भांड्याची साक्ष

युनियनटाउन, अलाबामा
१२ सप्टेंबर १९८३

चि. लेमुएल यास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हाती घेतलेली वस्तू तुला धरून ठेवता येत नाही, म्हणून चेंडू काखेत धरून पळायचा हा आपला अमेरिकन फुटबॉल सोडून तू कायद्याकडे वळावेस, हे सिद्ध करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. कॉलेजच्या पहिल्याच हंगामात तू चेंडू घेऊन हजार यार्ड धावलास, हे मान्य. वाद धावण्याविषयी नाही, धरण्याविषयी आहे. शनिवारी तुझ्या हातून चेंडू दोनदा निसटला आणि सामना गेला. हा योगायोग म्हणावा, तर पूर्वीचा दाखला आहे: सहाव्या वर्षी चर्चच्या जेवणात माझ्या पीच कॉब्लर या भाजलेल्या गोड पदार्थाचे गरम भांडे तू पाद्रीबुवांच्या नव्या बुटांवर सोडलेस. तीस वर्षे मी वादविवाद शिकवला. इतका सलग पुरावा क्वचितच हाती आला.

उत्तर मुद्देसूद असावे. वेळेवर जेवत जा.

तुझी आजी

१५ सप्टेंबर

ती. आजीस लेमचा सा. न. वि. वि.

माझ्याकडे मुद्दे नाहीत, चेंडू आहे. कोचनी शिक्षा दिलीये: चोवीस तारखेच्या सामन्यापर्यंत तो काखेतून खाली ठेवायचा नाही. वर्गात नाही, दाढी करतानाही नाही. कुणीही हिसकावू शकतो, आणि हिसकावला की माझी जागा राखीव खेळाडू ड्वेनला, मी बाकावर. परवा ग्रंथपालबाईंनी पुस्तक देता देता झडप घातली. वर म्हणाल्या, पोरा, दंड तरी भर. घरच्यांना सूट आहे का विचारलं, तर कोच म्हणाले, आज्या सगळ्यांत धोकादायक.

रविवारी चर्चला येतोय, चेंडूसकट. आई विचारतेय, त्यालाही टाय आणू का. तू तेवढी हात लावू नकोस.

माझ्यावरचा लोभ थोडा चेंडूवरही असू दे.

तुझा लेम

१९ सप्टेंबर

चि. लेमुएल यास आशीर्वाद. वि. वि.

काल प्रार्थनेत तुझे डोळे मिटलेले पाहून मी चेंडू दोन्ही हातांनी ओढला. तुझी जागा पणाला लागली आहे हे ठाऊक असूनही ओढला. तू शांतपणे आमेन म्हणालास. चेंडू हलला नाही. मागच्या बाकावरून बर्निस म्हणाली, अगं ऑक्टेव्हिया, देवाच्या घरात झोंबाझोंबी कसली करतेस. जेवताना मी तुझ्या मोकळ्या हातात ताट दिले, वर चहाचा पेला पुढे केला. तू पेला दातांत धरलास.

पुढे तू कॉब्लरचे भांडे त्याच एका हातावर तोलून माझ्या शेजारून नेलेस, तेव्हा मी कोपर आवरले. आवरताक्षणी आठवले.

माझे प्रतिपादन मी मागे घेते. शनिवारी मैदानावर येईन. कॉब्लर आणीन, भांडे तूच धर.

कबुली: तेरा वर्षांपूर्वी बर्निसला एक मुद्दा पटवताना मी कोपर आवरले नव्हते. ते तुला लागले, म्हणून भांडे पडले. तू सोडले नव्हतेस.

(सही) ऑक्टेव्हिया पेट्वे