वाऱ्यात गुडघे जुळवून

सिस्टर, हे तुम्हाला मराठीतच लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही वर बसूनसुद्धा लाल पेनने स्वल्पविराम घातले असते, आणि आज मला माझ्या चुका नाही, तुमची एक चूक सांगायची आहे. शाळेत तुम्ही इंग्रजीच बोलायचात, पण खरा राग आला की तुमची वसईची मराठी बाहेर पडायची. त्यामुळे ही भाषा तुम्हाला चालेल.

चूक अशी की तुम्ही आम्हाला गुडघे जुळवून बसायला आणि पावलं जुळवून उभं राहायला शिकवलंत, आणि ते इतकं पक्कं शिकवलंत की आता साठीला टेकले तरी निघत नाही. बक्षीस समारंभाची तालीम आठवते? स्टेजवरच्या बाकावर आम्ही ओळीने बसलेल्या, प्रत्येकीच्या गुडघ्यांत एक पोस्टकार्ड. पाहुण्यांचं भाषण कितीही लांबलं तरी कार्ड पडता कामा नये. माझं पडतं. तुम्ही येता, कार्ड उचलता आणि सगळ्यांसमोर म्हणता, "गुडघे आहेत की बिनकडीची दारं?" सगळा बाक हसतो. आणि समारंभाच्या दिवशी ऐन वेळी माझ्या स्कर्टची शिवण उसवली, तेव्हा तुम्हीच माझ्यासमोर जमिनीवर बसलात, टाके घातलेत, दोरा दातांनी तोडलात आणि म्हणालात, "आता सरळ बस, बाळ." त्या एका 'बाळ'साठी मी जन्मभर सरळ बसले. इथे जर्मनीत आल्यावर आउसलेंडरआम्टच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीच्या रांगेत, मुलीच्या शाळेतल्या बुटक्या खुर्च्यांवर, सगळीकडे.

आणि आता हे नावेचं खूळ. आमचे हे गेर्लिंगेनच्या ऑफिसातून रिटायर झाले आणि बागकाम वगैरे करण्याऐवजी बोडनझे तळ्यावरच्या एका क्लबात जाऊन शर्यतीची छोटी कॅटमरान घेऊन आले. दोन सडपातळ होड्या शेजारीशेजारी, मध्ये ताणलेली जाळी, वर नको इतकं मोठं शीड. सुकाणू ह्यांच्याकडे. माझं काम वजनाचं. डोलकाठीवरून आलेली तार कमरेच्या पट्ट्यात अडकवायची, वाऱ्याकडच्या होडीच्या काठावर पावलं टेकायची आणि अख्खं अंग पाण्यावर बाहेर झोकून द्यायचं. हलक्या वाऱ्यात हे स्वर्गासारखं असतं. जोराच्या वाऱ्यात मात्र नाव एवढा वेग घेते की पलीकडच्या होडीचं टोक पाण्यात घुसतं. नाव थबकते, पण तारेवरचा माणूस थबकत नाही. म्हणून त्याने मागे सरकून पाय फाकवून, पुढचा पाय रोवून उभं राहायचं असतं. आणि मी, सिस्टर, पावलं जुळवून उभी राहते! प्रार्थनेला उभी असल्यासारखी. टोक घुसलं की मी तारेसकट घड्याळाच्या लंबकासारखी पुढे झोके घेत जाते आणि शिडाच्या पुढ्यात आपटते. मग नाव कलंडते. मग दोघं गार पाण्यात.

"अगं, पाय! पाय लांब ठेव!" हे ओरडतात.

"अहो, ठेवलेत की!" मी ओरडते. खाली बघते तर टाचा चिकटलेल्या. किनाऱ्यावरून आमची मुलगीही ओरडते, तिच्या जर्मनमधून, "आई, फ्यूसे आउसआइनांडर!" म्हणजे तेच, पाय लांब. सगळ्या क्लबाला आता माझ्या पायांची माहिती आहे.

जुलैत दुसऱ्यांदा उलटलो तेव्हा ह्यांनी ओले केस पुसत, माझ्याकडे न बघता सांगून टाकलं, "आल्झो, तर मग, शरदातल्या शर्यतीला मी त्या विद्यार्थ्याला घेतो. पंचविशीचा आहे, वजनदार आहे. तू थर्मास घेऊन धक्क्यावर बस ना, निवांत." निवांत! एवढी वर्षं ह्यांच्या बदल्या, ह्यांची घरं, ह्यांचे हिवाळे निभावले, ते धक्क्यावर थर्मास सांभाळायला? मी म्हटलं, "एक शर्यत द्या. उलटली तर तुमचा विद्यार्थी तुम्हाला लखलाभ." हे हसले, पण कबूल झाले.

मग मी पाय फाकवून पोळ्या लाटल्या. पाय फाकवून इस्त्री केली. हे मागून "गेनाऊ! अश्शीच!" म्हणून जायचे, आणि तेवढ्यात दारावर पोस्टमनने बेल वाजवली की टाचा खटकन जुळायच्या. इतका राग यायचा मला तुमचा.

शर्यतीच्या दिवशी किनाऱ्यावरचे नारिंगी दिवे लुकलुकायला लागले. जोराचा वारा येतोय, असा त्याचा अर्थ. पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालून आम्ही वारा मागे घेतला आणि नाव सुटलीच. पलीकडचं टोक खाली जायला लागलं. "मागे!" हे ओरडले. मी मागे सरकले, आणि का कोण जाणे, मला अर्नाळ्याची सहल दिसली. आम्ही मुली लाटांत पुढेपुढे जात होतो आणि तुम्ही आमच्याही पुढे समुद्राकडे पाठ करून, पांढरा झगा गुडघ्यांपर्यंत खोचून, पाय चांगले दोन्हीकडे रोवून आडव्या उभ्या होतात. पाठीवर लाटा फुटत होत्या आणि तुम्ही तसूभर हलत नव्हतात. म्हणजे तुम्हाला येत होतं! कोळीवाड्यातली मुलगी तुम्ही, येणारच. मग आम्हाला पोस्टकार्डंच का दिलीत, सिस्टर? एकदा तरी सांगायचंत, की ते स्टेजसाठी आहे आणि हे समुद्रासाठी. मी चिडून तुमच्यासारखे पाय रोवले. टोक घुसलं, तारेने हिसका दिला, पुढची मांडी थरथरली, आणि ह्यांनी शिडाचा दोर सैल सोडेपर्यंत मी जागची हलले नाही. टोक वर आलं.

आमचा नंबर शेवटून दुसरा आला. किनाऱ्याला लागल्यावर ह्यांनी माझ्या पट्ट्याचा हुक सोडवला, आणि संध्याकाळी क्लबातल्या त्या विद्यार्थ्याला माझ्यादेखत सांगितलं, "पुढच्या वर्षीही हीच."

पत्र टाकणार कुठे? वसईच्या दफनभूमीत पोस्टमन येत नाही. पण इथे कोणालाच सांगता येत नाही ते तुम्हाला सांगते. वारा वाढला की मला भीती वाटते, सिस्टर. अजूनही, प्रत्येक वेळी, तार अडकवताना. ह्यांना सांगितलं तर हे मायेने म्हणतील, "मग राहू दे, तू नको येऊस." आणि ते मला नको आहे.