सोलापुरातनं गेलो, पण थांबलो न्हाई

मालवण, शुक्रवार

अव्वा, राजशेखरचा वाकून नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिहितोय. राजेश्वरी वाचून दाखवंल. मी बरा हाय, जेवण वेळेवर होतंय. नऊ दिवस गाडी चालवून डोळे तेवढे चुरचुरतात.

मंगळवारी येतो म्हणालो होतो. सोलापुरातनंच गेलो की. गाडीतले दिल्लीचे साहेब पहिल्या दिवसापासनं विचारतायत, "मुंबई सोडून तुमच्या राज्यात बघण्यासारखं काय हाय?" मी म्हटलं, "भवानी पेठेत माझं घर हाय. दहा मिनिटं थांबू, आई भाकरी वाढंल." ते घड्याळाकडं बघत म्हणाले, "इथं काय बघायचं?" मग मी थांबलो न्हाई. तू जेवायची थांबली होतीस का गं?

आज समुद्रावर त्यांच्या बाईंनी विचारलं, "तुला कुठलं गाव आवडतं?"

म्हटलं, "ते मागं राहिलं."

बाई म्हणाल्या, "परत जाताना थांबू." पण त्यांचं विमान गोव्यातनं हाय.

रविवारी रिकामी गाडी घेऊन येतोय. गुडघ्याला तेल लावत जा. दोन दिवस झोपतो, मग तुला फिरवून आणतो. तू तरी अकलूजच्या पुढं काय बघितलंयस?

तुझा दमलेला,
राजू