दारावरचं पांढरं फडकं

फुलचूर, रविवार, संध्याकाळ

कोल्ड स्टोरेजमधला अमोनिया गळला तर मोहल्ल्यानं काय करायचं, याची आज तालीम होती. भोंगा वाजला की सगळ्यांनी शाळेच्या मैदानात जायचं आणि रिकाम्या घराच्या दाराला पांढरं फडकं बांधायचं. फडक्याची युक्ती मीटिंगमध्ये मीच सुचवली होती.

भोंगा वाजला, पण मी पलंगावरून उठलेच नाही. गुडघ्याचं निमित्त. खरं म्हणजे पाहायचं होतं, मला न्यायला कोणी येतं का.

शेजारची मंदा आली. बाहेरूनच कोणाला तरी म्हणाली, "मॅडम कायले राहतीन घरी? पोरीकडे गेल्या असतीन, नागपूरले." कडी काही वाजली नाही. पावलं दूर गेली. मी हाक काऊन नाही मारली? एक हाक तर मारायची होती.

मग मैदानातला माईक ऐकू आला, "सब आ गए, एक भी घर नहीं छूटा!" टाळ्याही वाजल्या.

दार उघडलं तर कडीला फडकं. मंदाच्या जुन्या चादरीचं, नीट गाठ मारलेलं.

धुऊन वाळत घातलंय. उद्या तिला परत द्यायला जाईन. कडी वाजवून.