पुढच्या डाव्या पायाचा खिळा

बाबा, काल माझ्या नातीने मला सिनेमाला नेलं. माणिकपूरला तुमचा टांगा जिथे उभा राहायचा तिथून रिक्षा केली. तिकिटं तिनेच फोनवरून काढली होती, कारण हा सिनेमा म्हणे खास आजीसाठीच होता. त्यात बारा-तेरा वर्षांची एक हट्टी मुलगी असते, घोड्याच्या पाठीवर उभी राहून खेळ करणारी. पडते, उठते, परत पडते. बाप सुरुवातीला नको नको म्हणतो आणि शेवटच्या खेळाला गुपचूप तंबूच्या दारात येऊन उभा राहतो, सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवतो. आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या. नात माझा हात घट्ट धरून हुंदके देत होती. मी मात्र दात आवळून बसले होते, आणि पडद्यावरच्या त्या बापाला एक ठेवून द्यावीशी वाटत होती. त्या बिचाऱ्याने माझं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. तो समोर होता, तुम्ही नाही, एवढंच.

बाहेर पडल्यावर नातीने विचारलं, "आजी, तू पण असंच करायचीस ना? मग सोडलंस का?" मी म्हटलं, "माझ्यामुळे घोडी लंगडी झाली म्हणून." पन्नास वर्षं हेच सांगत आलेय, त्यामुळे ते आपसूक तोंडून निघून गेलं. ते खोटं आहे हे मला महिन्यापूर्वी कळलं. तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

शिकवलंत तुम्हीच, हे आधी कबूल करते. भात कापून झालं की घरामागची शेतं मोकळी व्हायची. तुम्ही संध्याकाळी टांगा सोडून लाल घोडीला तिकडे आणायचात, तिच्या पाठीवर दोन गोणपाटं बांधायचात आणि लांब दोरी धरून मधोमध उभे राहायचात. घोडी तुमच्याभोवती फिरायची आणि मी आधी बसून, मग गुडघ्यांवर, मग हात सोडून उभी. "पाय नको बघू गं, तिचे कान बघ," तुम्ही ओरडायचात. "कान मागं गेले की समज, खाली बसायची येळ झाली." गावातली माणसं बांधावर उभी राहून बघायची, आणि तुम्ही त्यांच्याकडे न बघता फक्त मिशीत हसायचात. ते हसू मिळावं म्हणून मी त्या घोडीवरून किती वेळा पडलेय, त्याची गणतीच नाही.

मग माणिकपूरच्या मैदानात सर्कस आली. मालक घोड्यांसाठी पेंढा बघायला तुमच्याच टांग्यातून आपल्या गावात आला आणि संध्याकाळी टांगा सोडल्यावर त्याने मला शेतात घोडीवर उभी असलेली पाहिलं. दुसऱ्या दिवशी टांग्यांच्या स्टँडवर सगळ्यांसमोर तो म्हणाला, रविवारी शेवटच्या खेळात हिला उतरवा. लोकांना आवडली तर आमच्याबरोबर पुढच्या गावी येऊ द्या, चांगली तयार करू. तुम्ही छाती पुढे काढून म्हणालात, "आनतो की! माझी पोरगी हाय ती, कोनाला भीते का?" स्टँडवर सगळ्यांनी तुमच्या पाठीवर थापा मारल्या. घरी आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही, पण एका जुन्या पिवळ्या साडीचा कुडता-सुरवार तिने मला शिवून दिला.

शुक्रवारी नालबंद चाचा घोडीचे नाल बदलायला आले. नाल ठोकताना घोडीचा खूर मांडीवर घेऊन बसणं हे माझं काम होतं. मी धरला की ती हलायची नाही. त्या दिवशी मी पुढे झाले तर तुम्ही म्हणालात, "आज मी धरतो. तू जा, आईला पानी भरू लाग." मी गेले. तुमच्या बोलण्यात काही वेगळं होतं का, हे मी महिनाभर आठवून बघतेय, पण मला फक्त हंडा आठवतो.

शनिवारी सकाळी मी तबेल्याच्या दारात उभी आहे. घोडीने पुढचा डावा पाय उचलून धरलाय, टेकवतच नाही. तुम्ही खाली बसून खूर चाचपताय. माझ्याकडे वळूनसुद्धा बघत नाही. "लय पळवलीस ना तिला कडक जमिनीवर," तुम्ही म्हणता. "मुकं जनावर. सांगनार कोनाला?" एवढंच. एक थोबाडीत मारली असतीत तर परवडलं असतं. मग तुम्ही चालत माणिकपूरला गेलात आणि मालकाला सांगितलंत की घोडी लंगडते, नाइलाज आहे. स्टँडवर तुमची इभ्रत राहिली. टांगा आठवडाभर बंद राहिला, आणि मी शाळेतून आले की कोमट मिठाच्या पाण्याची घमेली घेऊन घोडीपाशी बसायचे आणि तिच्या पायावर डोकं ठेवून माफी मागायचे. तुम्ही ते बघत होतात. घोडी बरी झाली, पण मी परत तिच्या पाठीवर चढले नाही आणि तुम्हीही कधी "चढ" म्हणाला नाहीत.

चाचांच्या मुलाचं आता टायरचं दुकान आहे. गेल्या महिन्यात स्कूटरमध्ये हवा भरायला थांबले तर आत खुर्चीवर चाचा. नव्वदीला आलेत, पण ओळखलं. "तू टांगेवाल्याची पोर ना? घोडीवर उभी राहायची ती?" मग आपणहून म्हणाले, "तुझा बाप लई जिद्दी माणूस. मी त्याला बोललो, अरे जानवराला कशाला तकलीफ? तो बोलला, नालाचा एक खिळा जरा आत मांसात जाऊ दे, दोन-चार दिवस लंगडली तरी बस. दुसऱ्या कोणासाठी मी असं काम केलं नसतं, बेटा. पण तो रडत होता." मी विचारलं, कोण रडत होतं? "तुझा बाप. आणखी कोण? मला वाटलं, त्याने सांगितलं असेल तुला." खिळा सोमवारी काढला म्हणे, सर्कस गेल्यावर. सोमवारी मी शाळेत होते.

रडलात तर माझ्यासमोर रडायचं होतंत ना, बाबा. तेरा वर्षांच्या मुलीला परक्या माणसांबरोबर गावोगाव पाठवायला माझाही जीव धजावला नसता. हे मला कळतं, मीही आई झाले, आजी झाले. मग सरळ नाही म्हणायचं. स्टँडवरचे टांगेवाले चार दिवस हसले असते आणि विसरले असते. ते हसणं तुम्हाला सोसलं नसतं, म्हणून ज्या घोडीच्या जिवावर आपलं घर चालत होतं तिच्याच पायात खिळा घुसवलात, आणि दोष माझ्या माथी मारून मोकळे झालात. माझी लेक सायकल शिकत होती तेव्हा मी तिच्या मागे धावले नाही, माहीत आहे? मला वाटायचं, माझा हात लागला की काहीतरी मोडणार. शेवटच्या आजारपणात तुम्ही महिनाभर माझ्याकडे होतात. मी तुमचे पाय दाबत होते आणि तुम्ही म्हणालात, "तुझा हात लय हलका, घोडीपन हलायची नाय." त्यापुढचं एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं? माझी फसवणूक दुसऱ्या कोणी केली असती तर मी त्याला सोडलं नसतं. तुमच्याशी मी भांडू कशी?

हे पत्र कुठे जाणार नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आलेलं प्रत्येक पत्र मीच मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि हे मला तुमच्यासमोर वाचता आलं नसतं.

एक गोष्ट मात्र चाचांनाही ठाऊक नाही. त्या शनिवारी तबेल्यात येण्याआधी मी गावदेवीच्या देवळात जाऊन आले होते. काहीही कर, पण उद्याचा खेळ होऊ देऊ नको, असं तिला हात जोडून सांगितलं होतं. मला भीती वाटत होती, त्या गर्दीची, तंबूची आणि तुम्हाला सोडून जायची. पण स्टँडवर तुम्ही माझ्यावरून इतके फुशारलात की मला नको म्हणायचा धीर झाला नाही. घोडी लंगडताना दिसली तेव्हा आधी मला हायसं वाटलं, रडू नंतर आलं. म्हणून तर तुम्ही म्हणालात ते मला लगेच पटलं. बाबा, तुम्ही मला नुसतं विचारायचं होतंत, जायचंय का तुला म्हणून. मी नाही म्हणाले असते.