पट्टा क्रमांक सात

३ नोव्हेंबर
हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या स्वयंसेवक पथकात आज नाव नोंदवले. पस्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाची आपल्याला निकड आहे, हे पथकाच्या अद्याप लक्षात आलेले नाही. येईल. हिचे मत वेगळे. फडताळात समोर ठेवलेला डबा ज्यांना दिसत नाही त्यांनी माणसे शोधायला जाऊ नये, असे ती म्हणाली. संकल्प : रोज पाच किलोमीटर चालणे.

९ नोव्हेंबर
प्रशिक्षण. पथकप्रमुख इस्पितळात परिचारिका आहेत. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. पद्धत अशी : नकाशाचे पट्टे पाडायचे, प्रत्येकाने आपला पट्टा चालायचा, झुडपाझुडपामागे वाकून पाहायचे, हाक मारायची आणि दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहून ऐकायचे. शेवटी कागदावर ‘पाहिले’ लिहून सही. आधी संभाव्यता तपासली तर निम्मे चालणे वाचेल, असे मी सुचवले. सिस्टर म्हणाल्या, सर, चालायचं वाचवायला आपण येतच नाही. हे मुद्द्याला उत्तर नव्हे.
आजचे चालणे : दीड किलोमीटर. बूट चावतात.

२२ नोव्हेंबर, रात्री ८
पहिली मोहीम. विस्मरणाचा आजार असलेले एक वृद्ध शिंपी पहाटे घरातून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. कडाक्याची थंडी आणि अंगात नुसता सदरा. त्यांची मुलगी प्रत्येकाला तोच फोटो दोनदोनदा दाखवत होती.
माझ्याकडे पट्टा सात : जुन्या दगडखाणीमागचा काटेरी चढ. गुडघे दुखणारा माणूस चढ चढत नाही. शिंप्यांचे गुडघे दुखतात. म्हणून ते चढावर नाहीत. तीन वाक्यांत काम झाले. इतरांना चार तास लागले. मी पायथ्याशी दगडावर बसून कागद भरला. निष्कर्षाने पाहणे हेही पाहणेच. ‘पाहिले.’ सही. गार दगडाने खोकला मात्र झाला.

२३ नोव्हेंबर
शिंपी एका गुराख्याला सापडले. जिवंत आहेत. दुपारी, सातव्या पट्ट्यात, चढाच्या मध्यावर. खुबा मोडला आहे. उजव्या हाताची दोन बोटे दगडाखाली अडकून रात्रभरात गेली, काढावी लागतील. सुई धरायची बोटे. सातवा पट्टा पाहून झालेला, म्हणून पथक सकाळभर पलीकडे नदीकाठी फिरत होते.
ते तेथे मागाहून आले असावेत. सिस्टरांचेही तसेच म्हणणे. त्यांनी ते माझ्या सहीवरून काढले आहे. अनुमान निर्दोष आहे.
झोप नाही.

२६ नोव्हेंबर
इस्पितळात जाऊन आलो. मुलीने माझे आभार मानले. एवढ्या वयात तुम्ही काट्यांत फिरलात, म्हणाली. मी तिला अडवले नाही.
शिंप्यांना मुलीचे नाव आठवत नव्हते. हे मात्र आठवत होते, की पडल्यावर जागचे हलता आले नाही.
“खाली कोणीतरी खोकत होतं. मी ओ द्यायला बघत होतो, आवाजच फुटेना. पण त्यानं हाक काही मारली नाही. म्हटलं, मला शोधत नसेल.”
मी खोकला दाबून बाहेर आलो.

३० नोव्हेंबर
चार पानी निवेदन सिस्टरांच्या हाती दिले. त्यात शोध आणि निष्कर्ष यांतील भेद, सहीचा अर्थ, माझे वय, बूट. त्यांनी वॉर्डच्या दारात उभ्यानेच सगळे वाचले.
“सर, वर गेला होतात का?”
“नाही.”
हा शब्द चार पानांत कोठेही नव्हता. त्यांनी पाने परत केली. म्हणाल्या, मुलगी बाहेर बाकावर बसली आहे, तिला तुम्हीच सांगा.
मला पाहताच ती सरकली आणि बसायला जागा केली. मी उभ्यानेच सांगितले. तिने एकच विचारले, त्या दगडापासून बाबा किती लांब होते.
मला माहीत नव्हते. मी अजूनही वर गेलेलो नाही.