माझी टाकी, माझी ड्राय रीसलिंग

१४ ऑक्टोबर
रीसलिंग जातीची द्राक्षं दाबून रस काढून झाला. बाबांनी पैज लावली. म्हणाले, शाळा सोडलीस, ठीक आहे. ही छोटी टाकी तुझी. हिच्यातून ड्राय रीसलिंग काढून दाखव, पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर सप्टेंबरात मुकाट अकरावीत बसायचं. मी हात लावणार नाही, चवही बघणार नाही.
मी हो म्हटलं. म्हणजे मान हलवली.
सोपं आहे. रसातली सगळी साखर यीस्टने खाल्ली की वाईन ड्राय. खायचंय यीस्टला. मला काय करायचंय? शाळा कायमची संपली.

१९ ऑक्टोबर
टाकी बुडबुडतेय. जवळ बसून ऐकतो. टाकी बरी, उलट काही विचारत नाही.
निश्चय: रोज साखर मोजायची. रोज म्हणजे रोज.

२० ऑक्टोबर
साखर मोजायची काचेची नळी हातातून पडली. फुटली.
शेजारच्या ऑटिसकाकांकडे दुसरी आहे. त्यांचा जन्म रीसलिंग करण्यात गेला. उद्या जाऊन मागणार.

२७ ऑक्टोबर
उद्या नक्की.

४ नोव्हेंबर
गेलो. ऑटिसकाका मळ्यात हरणांना शिव्या घालत होते. मला बघून म्हणाले, काय रे एमेट, बापाने हाकललं की काय? काय पाहिजे?
मी म्हटलं, शिडी.
शिडी का म्हटलं ते माझं मलाच माहीत नाही. म्हणाले, ने की, नव्या नवरीसारखा लाजतोस काय! शिडी खांद्यावर घेऊन घरी आलो. फार जड आहे.
शांतपणे विचार केला. नळी नवशिक्यांना लागते. ज्याचा कान तयार आहे, त्याला बुडबुड्यावरून कळतं.

१२ नोव्हेंबर
कडाक्याची थंडी. बाबा म्हणाले होते, टाकीला ब्लँकेट गुंडाळ. गुंडाळलं होतं, आज काढलं. थंडीत सावकाश झालेल्या वाईनला वास छान येतो, असं लॉर्नाआत्या गिऱ्हाइकांना रोज सांगते. आमचं वाईन चाखायचं दुकान तीच चालवते, तिला कळणारच. शेडचं दारही उघडं ठेवलं. समोरच्या तळ्यावरचा वारा थेट टाकीला लागतो.

१५ नोव्हेंबर
बुडबुडे बंद!! झाली ड्राय! ऑटिसकाकांची अजून चालूच आहे. वय झालं त्यांचं.
खात्रीसाठी थेंबभर जिभेवर घेतली. (आईचा नियम: एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत थुंकायचं. थुंकलो.) आंबट! डोळे मिटले इतकी आंबट. आंबट म्हणजे गोड नाही. गोड नाही म्हणजे ड्राय. याच्यासाठी लोक कॉलेजात जातात.

थँक्सगिव्हिंगचा सण, नोव्हेंबरअखेर
जेवताना आत्याने सगळ्यांसमोर विचारलं, काय वाईनवाले, झाली का ड्राय? तोंडात द्राक्षाच्या गोड पाईचा घास होता. मान हलवली. टाळ्या वाजल्या. कान गरम झाले. आता मागे फिरता येणार नाही. फिरायचंय कुणाला?

२ मार्च
बाटल्या भरल्या. भरण्याआधी बारीक फिल्टरमधून गाळतात, म्हणजे उरलेलं यीस्ट निघून जातं. फिल्टर ऑटिसकाकांकडे. मागायला जाणार होतो. त्यांच्या फाटकापर्यंत गेलोही. पण आमचं यीस्ट तर मेलंय. मेलेल्याला काय गाळायचं?
बाबांनी विचारलं, साखर मोजलीस ना? मान हलवली. ही मान एक दिवस मला गोत्यात आणणार. पण आज नाही.
लेबल: ‘एमेटची ड्राय रीसलिंग’. छान दिसतंय.

२२ मे
मेमोरियल डेच्या सुट्टीची गर्दी उद्यापासून. आत्याने माझ्या बाटल्या दुकानाच्या खिडकीत मांडल्या, भर उन्हात. काचेतून सोन्यासारख्या चमकतात. मी बाहेरूनच बघितल्या. आत बायका होत्या.

२३ मे, सकाळी
खिडकीत फट्ट आवाज. एक बूच उडालं. बूचच खराब असणार.

२३ मे, दुपारी
रॉचेस्टरहून एका नवरीच्या मैत्रिणींची बस आली. तेवढ्यात ओळीने फट् फट् फट्. एक बूच आत्याच्या केसांत. छतावरून वाईन गळायला लागली. मैत्रिणींना वाटलं, हे आपल्याच स्वागताला. नाचल्या. मी काउंटरखाली बसलो. हिशेब केला: बाहेर कधी पडलं म्हणजे कुणाशी बोलावं लागणार नाही? आणखी आत सरकलो.
ऑटिसकाका शिडी परत न्यायला आले होते. तळाशी उरलेली वाईन चाखली. वाकून काउंटरखाली मला म्हणाले, अरे बाळा, यीस्ट मेलं नव्हतं, थंडीने झोपलं होतं. साखर तशीच राहिली. आपल्याकडची द्राक्षंच इतकी आंबट, पोतंभर साखर लपवतात. उन्हात यीस्ट जागं झालं आणि बाटलीतच जेवायला बसलं. जेवलं की ते गॅस सोडतं, त्यानेच बुचं उडाली. एकदा विचारायचंस तरी.
मी म्हटलं, आलो होतो.

२३ मे, संध्याकाळी
शेवटची बाटली बाबांनी उघडली. चाखली. पेला उजेडात धरला. मग म्हणाले, ड्राय आहे.
ड्राय आहे! उरलेली साखर बाटलीत संपली! मी जिंकलो! तसं सांगणार होतो. आई टेबलावर चढून छत पुसत होती. बाबांनी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, शाळेची बस फाटकाशी सातला येते.

१० सप्टेंबर
अकरावी. सगळे माझ्याहून लहान. शेवटच्या बाकावर बसलो.
केमिस्ट्रीच्या बाईंनी बाटलीत साखरेचं पाणी आणि यीस्ट घातलं. विचारलं, बूच घट्ट लावून ही उन्हात ठेवली तर काय होईल? वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. बाई थांबल्या.
हात खांद्यापर्यंत वर नेला. मग डोकं खाजवलं.
उद्या नक्की सांगणार.