घसा मिरचीने बसला नव्हता

मंगळवार, संध्याकाळ

दोन महिने आवाज बसलाय. लालबागला मसाला कुटायच्या डंकावर काम, म्हणून सगळे म्हणायचे, मिरची बसलीय घशात. मीपण गूळ चघळत राहिलो. आज रिपोर्ट आला. दुर्बिणीने घशातून काढलेल्या तुकड्यात टीबी निघाला. स्वरयंत्राचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. गोळ्या पूर्ण घे, बरा होशील. पण खोलीत कोण कोण झोपतं? सगळ्यांना तपासायला आण."

कोण कोण? गावमंडळाची खोली, अकरा जण, चटईला चटई. सांगितलं तर बाहेर काढतील, जाऊ कुठे? गावाला आईच्या कानावर जाईल ते वेगळंच. आणि मी मिरची, मिरची करत यांच्यातच खोकत होतो.

आत्ता तात्या, आमच्या खोलीचे म्होरके, म्हणाले, "काय रे मुक्या, प्रेमपत्र लिवतंस?" सगळे हसले. हसता हसता तात्यांना खोकला आला. आवाज घोगरा. कधीपासून? विचारलं तर म्हणाले, "झाले की पंधरा दिवस. तुझ्या कपड्यांची मिरची, दुसरं काय?"

आता लपवायची सोय राहिली नाही. रिपोर्ट उशीखालून काढलाय. तात्यांना गॅलरीत बोलावतो.